हेलो: कॅम्पेन इव्हॉल्व्ड येतोय, पण आपल्या सोलापुरातून ऑनलाइन नीट चालेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर २०२५ मध्ये या गेमची घोषणा झाली. तेव्हापासून जुळे सोलापूर, विजापूर रोड, अशोक चौक, विडी घरकुल अशा सगळीकडून मला तेच ते प्रश्न येतायत. कुणी फोनवर विचारतं, कुणी सात रस्त्याला चहाच्या टपरीवर गाठतं. आमचा बारा-तेरा जणांचा कट्टा आहे आणि कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, शूटर (गोळीबाराचे गेम) खेळण्यात आमची बरीच वर्षं गेली आहेत. आता त्यातले निम्मे नोकरीसाठी पुण्याला आणि हैदराबादला गेलेत. त्यामुळे ऑनलाइन नीट चालणं ही आमच्यासाठी शनिवारी रात्री एकत्र बसण्याची एकमेव सोय उरली आहे. मी उत्तरं देताना ती बाजू धरून बोलणार, हे आधीच सांगतो.

हा नवा गेम आहे की जुनाच?

गोष्ट जुनी, बांधणी नवी. मूळ गेम हेलो: कॉम्बॅट इव्हॉल्व्ड १५ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्स कन्सोलबरोबर आला. तो बंजी या कंपनीनं केला होता. त्यातला एकट्यानं किंवा जोडीनं खेळायचा कथेचा भाग, म्हणजे कॅम्पेन, आता अनरिअल इंजिन ५ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर पुन्हा बनवलाय. बनवणारे आहेत हेलो स्टुडिओज. पूर्वी ३४३ इंडस्ट्रीज होते तेच हे, २०२४ मध्ये नाव बदललं.

मूळच्या दहा मोहिमा आहेतच, शिवाय कथेच्या आधी घडणाऱ्या तीन नव्या मोहिमा आहेत. त्यात नायक मास्टर चीफबरोबर त्याचा साथीदार सैनिक सार्जंट जॉन्सन आहे. पुढच्या भागांतली काही हत्यारंही आणली आहेत. शत्रूची तलवार आता उचलून वापरता येईल, त्यांचा रेथ रणगाडा चालवता येईल. मूळ गेममध्ये या दोन्ही गोष्टी हातात मिळत नव्हत्या आणि तेव्हा खेळलेल्या प्रत्येकाला ती चुटपुट होती.

कशावर येतोय?

एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस, पीसी आणि पीएस५, म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन ५. वर्ष जाहीर झालंय २०२६. हेलो प्लेस्टेशनवर येण्याची ही पहिलीच वेळ. आपल्याकडे ज्या घरात कन्सोल आहे तिथं बहुतेक प्लेस्टेशनच दिसतो, म्हणून एवढी उत्सुकता आहे. वीस वर्षं ज्याचं नुसतं नाव ऐकलं तो गेम आता घरातल्या टीव्हीवर चालणार.

ऑनलाइन एकमेकांविरुद्ध मॅच आहे ना?

नाही. हे उत्तर नीट वाचा, कारण निम्म्या लोकांचा गैरसमज इथंच आहे.

या गेममध्ये चार विरुद्ध चार, सगळ्यांविरुद्ध सगळे, झेंडा पळवणं असं काहीही नाही. घोषणेच्या वेळीच ते स्पष्ट केलं गेलं. आहे ती फक्त मोहीम. ती एकट्यानं खेळा, एका टीव्हीवर पडदा दुभागून दोघांनी खेळा, किंवा ऑनलाइन चौघांनी मिळून खेळा.

मूळ गेममध्ये आपसातली मारामारी होती आणि ती फार गाजली. चार एक्सबॉक्स तारेनं जोडून सोळा जण खेळायचे. मात्र इंटरनेटवर खेळायची सोय त्यात नव्हती. एक्सबॉक्स लाइव्ह ही ऑनलाइन सेवा सुरू झाली २००२ च्या नोव्हेंबरात आणि ऑनलाइन जोड्या लावून देण्याची पद्धत रुजवली ती २००४ च्या हेलो २ नं. म्हणजे जी ऑनलाइन मॅच आज आपण गृहीत धरतो, ती एक्सबॉक्सवरच्या या मूळ पहिल्या भागात नव्हती. तरी एका खोलीतली ती सोळा जणांची धमाल तरी ठेवायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. ती वगळल्याचं दुःख खरं आहे आणि जे नाराज आहेत त्यांना मी चूक म्हणणार नाही.

मग घ्यायचा कशाला?

चौघांनी मिळून मोहीम खेळता येते म्हणून.

मूळ गेम फक्त एका टीव्हीवर दोघांना मिळून खेळता यायचा. २०११ च्या आवृत्तीत तो ऑनलाइन झाला, पण दोघांपुरताच. आता पहिल्यांदा चौघं. ज्यांचे मित्र अजून गावातच आहेत त्यांना याचं मोल लगेच कळणार नाही. आमच्यातला एकजण हिंजवडीला आहे, एक हैदराबादला. शनिवारी रात्री दहाला हेडफोन लावला की "जेवलास का बे?" इथून सुरुवात होते आणि गेम मागं चालू राहतो. विरुद्ध मॅचमध्ये असं होत नाही. तिथं डोकं सारखं स्कोअरमध्ये असतं, हरलं की कुणीतरी चिडतं, आणि समोरचा अनोळखी पोरगा दिवसाला आठ तास खेळणारा असतो. मोहिमेत थांबता येतं, बोलता येतं, एखादा मागं राहिला तर त्याच्यासाठी परत जाता येतं. आठवडाभर काम करून थकलेल्या माणसाला हाच खेळ परवडतो.

तुम्हाला फक्त स्पर्धा हवी असेल तर मात्र हा गेम घेऊ नका. हेलो इन्फिनिट या २०२१ च्या भागाचं मल्टिप्लेअर, म्हणजे आपसातल्या मॅच, फुकट आहे, पण ते प्लेस्टेशनवर नाही.

एका टीव्हीवर दोघं खेळतील हे नक्की का? मागच्या वेळी फसवणूक झाली होती.

ही शंका रास्त आहे. हेलो ५, म्हणजे २०१५ चा भाग, पडदा दुभागायची सोय न देताच आला आणि लोक फार नाराज झाले. हेलो इन्फिनिट डिसेंबर २०२१ मध्ये आला. मोहिमेत एका टीव्हीवर दोघांची सोय नंतर देऊ असं सांगितलं गेलं, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ती रद्द केल्याचं जाहीर झालं. ऑनलाइन मिळून खेळायची सोयसुद्धा गेम आल्यावर अकरा महिन्यांनी मिळाली.

या वेळी कन्सोलवर दोघांचा दुभागलेला पडदा आहे असं पहिल्या घोषणेतच सांगितलंय. तरी ज्यांना मुख्यतः त्यासाठीच गेम घ्यायचाय, त्यांनी गेम हातात पडलेल्या दुसऱ्या कुणाचा व्हिडिओ बघेपर्यंत थांबावं. दोन-तीन दिवसांत शेकडो व्हिडिओ येतात. दोघं खेळताना चित्र अडखळतं का, अक्षरं वाचता येतात का, हे त्यात दिसेल. ३२ इंची टीव्हीवर अर्ध्या पडद्यातली अक्षरं वाचणं हे मोठं काम असतं.

माझ्याकडे पीएस५, मित्राकडे एक्सबॉक्स. एकत्र जमेल?

जमेल. तिन्ही प्रकारची यंत्रं एकमेकांशी खेळू शकतील असं जाहीर केलंय, आणि एका यंत्रावरची प्रगती दुसऱ्यावरही नेता येईल.

ऑनलाइनसाठी वेगळे पैसे पडतात का?

विकत घेतलेला गेम कन्सोलवर ऑनलाइन खेळायचा तर हो. पीएस५ ला प्लेस्टेशन प्लस ही सोनीची वर्गणी लागते, एक्सबॉक्सला गेम पास या मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीचा कुठला तरी स्तर. फुकटच्या गेमना हे लागत नाही. पीसीवर अशी वर्गणी भरावी लागत नाही. एकट्यानं किंवा एका टीव्हीवर दोघांनी खेळायला वर्गणीची गरज नाही. हा गेम पहिल्या दिवसापासून गेम पासमध्ये असेल असंही जाहीर झालंय. त्यामुळे ज्यांच्याकडे एक्सबॉक्स आहे त्यांनी आधी आपला स्तर तपासावा, मग विकत घ्यायचं बघावं.

एक काळजी घ्या. वर्गणी आपोआप नव्यानं सुरू होत राहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याआधी किमान २४ तास तुम्हाला सूचना आली पाहिजे. तो मेसेज वाचत जा. कार्ड बहुतेक वेळा वडिलांचं असतं, मेसेज त्यांच्या मोबाइलवर जातो आणि मग घरात वाद होतो.

सोलापुरातून पिंग किती येईल?

पिंग म्हणजे तुमच्या यंत्रातून निघालेला संदेश पलीकडे जाऊन परत यायला लागणारा वेळ. तो मिलिसेकंदात मोजतात. यातला काही भाग कुणालाच कमी करता येत नाही, कारण तो अंतराचा असतो.

फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. पुणे आपल्यापासून अडीचशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन अडीच मिलिसेकंद. मुंबई चारशे किलोमीटर, म्हणजे चार मिलिसेकंद. सिंगापूर साडेतीन हजारांच्या वर, म्हणजे किमान पस्तीस. युरोपातला सर्व्हर असेल तर सत्तरच्या आत येण्याची आशाच नको. हे कागदावरचे आकडे. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत दहा ठिकाणी वळणं असतात, म्हणून आकडा वाढतोच.

आता आपल्याकडची खास अडचण सांगतो. सोलापुरातले दोघे शेजारी जर वेगवेगळ्या कंपन्यांचं नेट वापरत असतील, तर त्यांचा संदेश अनेकदा मुंबईला जाऊन परत येतो, कारण कंपन्या एकमेकींना तिथं जोडलेल्या असतात. लकी चौकातून नवी पेठेत जायला मुंबईमार्गे जावं लागलं तसं. म्हणून गल्लीतल्या मित्राशी खेळताना पुण्याच्या मित्रापेक्षा जास्त पिंग दिसलं तर यंत्र बिघडलंय असं समजू नका.

भारतात मोठे सर्व्हर ठेवायची सोय आहे. मायक्रोसॉफ्टची स्वतःची केंद्रं २०१५ पासून पुणे, मुंबई आणि चेन्नई भागात आहेत. पण केंद्र असणं आणि एखाद्या गेमनं ते वापरणं या वेगळ्या गोष्टी. गेम आला की पहिल्या रात्री पिंगचा आकडा बघा. वीस-तीसच्या घरात असेल तर सर्व्हर देशातच आहे. ऐंशीच्या पुढे असेल तर तुम्ही बहुधा परदेशात जोडले गेलाय.

मिळून खेळायच्या मोहिमेत साठ-सत्तर पिंग सहज चालतं, कारण समोर यंत्राचे शत्रू असतात. पिंग शंभर असूनही स्थिर असेल तर खेळता येतं. सारखं चाळीस-दोनशे-साठ असं नाचणारं पिंग मात्र खेळू देत नाही. आकडा लहान करण्याच्या मागं लागण्याआधी तो नाचायचा थांबवा.

तो नाचायचा कसा थांबवायचा?

लॅनची तार लावा. खरंच, निम्मी दुखणी इथंच संपतात. राउटर हॉलमध्ये आणि कन्सोल आतल्या खोलीत असेल तर वीस मीटर तार आणा आणि भिंतीच्या कडेनं न्या. आई ओरडेल, तरी पट्टी मारून घ्या. तार शक्यच नसेल तर वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडा. आपल्या दाटीच्या पेठांमध्ये २.४ च्या पट्ट्यावर शेजारपाजारच्या पंधरा राउटरांची गर्दी असते.

दुसरं कारण घरातलंच असतं. कुणीतरी मोबाइलवरून फोटो आणि व्हिडिओ वर चढवत असतं, त्यात अपलोडची वाट तुंबते आणि तुमचा संदेश रांगेत मागं उभा राहतो. लग्नाचे फोटो चढत असतील त्या रात्री खेळू नका.

नेट जोरात आहे, स्पीड टेस्ट शंभर दाखवते, तरी मित्राच्या गेममधल्या ऑनलाइन खोलीत घुसता येत नाही. का?

या एका प्रश्नापायी मी तीन आठवडे घालवलेत, म्हणून सविस्तर सांगतो.

कंपन्यांकडे जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते पुरेसे नाहीत. म्हणून एक पत्ता शेकडो ग्राहकांत वाटून देतात. जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. रस्त्याला एकच दिंडी दरवाजा, आत चाळीस बिऱ्हाडं. आतून कुणीही बाहेर जाऊ शकतं. बाहेरून पाहुणा आला की दारावरच्या माणसाला कळत नाही कोणत्या बिऱ्हाडात सोडायचं, आणि तो पाहुण्याला परत पाठवतो. तुम्ही व्हिडिओ बघता, गेम उतरवता तेव्हा तुम्हीच आतून मागणी केलेली असते, म्हणून सगळं चालतं. मित्राचं यंत्र थेट तुमच्याकडे यायला बघतं तेव्हा ते दारातच अडतं.

पत्ता असा वाटून द्यायच्या पद्धतीला नॅट म्हणतात. पीएस५ वर सेटिंग्जमध्ये नेटवर्कची चाचणी घेतली की नॅट प्रकार दिसतो. १ किंवा २ असेल तर ठीक, ३ असेल तर हेच दुखणं आहे. एक्सबॉक्सवर ओपन, मॉडरेट आणि स्ट्रिक्ट असे शब्द दिसतात. स्ट्रिक्ट आलं की समजा दार बंद आहे.

माझ्याकडे ३ होता. केबलवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, "स्पीड येतोय ना?" पुन्हा गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी शब्द बदलला. "मला पब्लिक आयपी पाहिजे, जास्तीचे पैसे सांगा," असं म्हणालो. पब्लिक आयपी म्हणजे कुणाशी न वाटलेला स्वतःचा पत्ता. तेव्हा त्याला लगेच कळलं. महिन्याला थोडे जास्त घेतले आणि त्याच संध्याकाळी प्रकार २ झाला. तुम्हीही हेच शब्द वापरा. नॅटबद्दल सांगत बसलात तर गल्लीतला माणूस गोंधळतो. स्टॅटिक किंवा पब्लिक आयपी म्हटलं की त्याला समजतं, कारण दुकानातल्या सीसीटीव्हीसाठी व्यापारी तेच मागतात.

त्याआधी घरातल्या घरात दोन गोष्टी करून बघा. राउटरमध्ये यूपीएनपी, म्हणजे यंत्राला राउटरचं दार आपोआप उघडून घेऊ देणारी सोय, चालू आहे का पाहा. आणि कंपनीच्या डब्यामागं तुम्ही स्वतःचा दुसरा राउटर लावला असेल तर वाड्याच्या आत दुसरा वाडा झालाय. एकाला नुसता पूल म्हणून ठेवा, म्हणजे ब्रिज मोडवर. नव्या पद्धतीचा पत्ता, म्हणजे आयपीव्ही६, कंपनी देत असेल तर तो बंद करू नका.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालेल?

डेटा फार जात नाही, तासाला साधारण शंभर-दीडशे एमबी धरा. पण वर सांगितलेला वाडा मोबाइलवर जवळजवळ नेहमीच असतो आणि पिंग नाचतं. नेट बंद पडलं त्या रात्रीपुरता चालवा.

गेम उतरवायला किती वेळ लागेल?

आजकालचे मोठे शूटर शंभर जीबीच्या आसपास किंवा वर जातात. ५० एमबीपीएसच्या जोडणीवर शंभर जीबीला साडेचार तास, तेही पूर्ण वेग मिळाला तर. १०० एमबीपीएसवर सव्वादोन. मोठ्या कंपन्यांच्या "अमर्याद" प्लॅनलाही बहुधा महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. एका गेमनं ती संपत नाही, पण गल्लीतल्या नेटवाल्यांची मर्यादा बरीच कमी असू शकते, तेवढं विचारून ठेवा. रात्री लावून झोपा.

मधेच लाईट गेली तर?

आधी राउटर वाचवा. राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. तो लावला की घरातले दिवे गेले तरी नेट राहतं. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही हवा, एकट्या राउटरला लावून उपयोग नाही.

पीएस५ खेळताना साधारण दोनशे वॅट ओढतो, वर टीव्ही. घरचा इन्व्हर्टर साइन वेव्ह असेल आणि त्यावर दोनच पंखे असतील तर निभतं. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर कन्सोल लावू नका. आणि डाउनलोड किंवा अपडेट चालू असताना लाईट गेली तर घाबरू नका. लाईट आली की यंत्राला स्वतःची तपासणी करू द्या, मधेच बटण दाबू नका.

एप्रिल-मे मध्ये कन्सोल तापतो, बंद पडतो.

सोनीनं पीएस५ साठी सांगितलेलं खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात बाहेर चाळीसच्या वर जातं, आणि पत्र्याच्या खोलीत तर दुपारी बसवत नाही. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी तुम्ही यंत्र त्याच्या मर्यादेबाहेर चालवताय. पहाटे खेळा किंवा रात्री नऊनंतर. भिंतीपासून दहा सेंटीमीटर अंतर ठेवा. टीव्हीच्या कपाटात, काचेच्या दारामागं ठेवू नका. कूलरचा ओला झोत थेट त्यावर नको.

यंत्रमागाच्या भागात राहणाऱ्यांना वेगळं सांगतो. माग चालतो तिथं हवेत सुताचं तूस असतं. ते पंख्यात जाऊन नमद्यासारखं बसतं. आमच्या एका मित्राच्या घरी खाली माग आणि वर खोली. त्याचा कन्सोल दीड वर्षात विमानासारखा आवाज करायला लागला होता. दर महिन्याला बाहेरच्या जाळ्या मऊ ब्रशनं साफ करा. न खेळताना वर सुती कापड टाका, पण यंत्र चालू करताना ते काढायला विसरू नका.

पहिल्याच दिवशी सर्व्हर पडतील का?

पडू शकतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये हेलोचे जुने भाग एकत्र करून मास्टर चीफ कलेक्शन आलं तेव्हा ऑनलाइन जोड्याच लागत नव्हत्या आणि ते नीट व्हायला फार काळ गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये हेलडायव्हर्स २ इतका चालला की एका वेळच्या खेळाडूंवर साडेचार लाखांची मर्यादा घालावी लागली, आणि लोक रांगेत बसून राहिले. तोही चौघांनी मिळून खेळायचाच गेम आहे.

कथेच्या गेममध्ये एक बरं आहे. सर्व्हर रुसले तरी एकट्यानं सुरुवात करता येते. पहिल्या शनिवारी चौघांनी सुट्ट्या जुळवून मोठा बेत आखू नका. दुसरा शनिवार धरा.

पुढे सर्व्हर कायमचे बंद केले तर पैसे वाया?

पूर्ण ऑनलाइन गेम असेल तर हो. कॉन्कॉर्ड नावाचा शूटर ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि दोन आठवड्यांत, ६ सप्टेंबरला बंद झाला. त्याचे पैसे परत दिले गेले, पण गेम गेला तो गेलाच. एक्सबॉक्स ३६० वरच्या हेलोच्या ऑनलाइन सेवा जानेवारी २०२२ मध्ये बंद झाल्या, तरी त्यांच्या मोहिमा आजही डिस्क टाकून खेळता येतात. म्हणून मी मोहीम असलेल्या गेमला पैसे द्यायला कचरत नाही.

एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. एप्रिल २०१० मध्ये पहिल्या एक्सबॉक्सवरचं हेलो २ ऑनलाइन बंद झालं. नव्यानं कुणाला आत येता येत नव्हतं, पण जे आधीच आत होते ते बाहेर पडेपर्यंत राहू शकत होते. काही जणांनी आपली यंत्रं बंदच केली नाहीत. एकेक यंत्र तापून, तुटून गळत गेलं आणि शेवटचा खेळाडू मे महिन्यात, जवळजवळ महिन्यानं बाहेर पडला. मित्र दुसऱ्या गावी गेलेल्या माणसाला ती माणसं का बसून राहिली हे समजावून सांगावं लागत नाही.

आगाऊ बुकिंग करू का?

मी करणार नाही. डिजिटल प्रत संपत नाही. केलंच तर प्लेस्टेशन स्टोअरवर गेम येण्याआधी ते रद्द करता येतं. घेतल्यावर चौदा दिवसांत पैसे परत मागता येतात, पण डाउनलोड सुरू केलं की तो हक्क जवळजवळ संपतो. आपोआप डाउनलोड बंद करून ठेवा.

ऑनलाइन गेमवर सरकारनं बंदी आणली ना?

ऑगस्ट २०२५ चा कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालतो. विकत घेऊन खेळायचा शूटर त्यात येत नाही. ई-स्पोर्ट्सला तर त्या कायद्यानं मान्यता दिली आहे. २०२० मध्ये पबजी मोबाइल बंद झालं ते वेगळ्या कायद्याखाली. घरच्यांना हा फरक शांतपणे सांगा. त्यांनी बातमीत फक्त "ऑनलाइन गेम" एवढंच ऐकलेलं असतं.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. अनोळखी लोक त्याच्याशी बोलतील का?

ताई, दादा, त्याला तुमच्या खात्यावर खेळू देऊ नका. मुलाचं वेगळं खातं काढा, त्यात बोलणं-लिहिणं बंद ठेवता येतं, वेळ ठरवता येते, खर्चावर मर्यादा घालता येते. पाकिटावरचा वयाचा शिक्का बघा. आणि या गेमचं एक चांगलं आहे: मुलाबरोबर सोफ्यावर बसून दुसरा रिमोट, म्हणजे गेमचा कंट्रोलर, तुम्ही हातात घेऊ शकता. अनोळखी माणूस लागतच नाही.

मी मोबाइलवर बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा शूटर खेळतो. रिमोट जमेल का?

पंधरा दिवस अंगठे ऐकणार नाहीत, मग ऐकतील. कन्सोलवरचे शूटर नेम धरताना हलकी मदत करतात. रिमोटवरच्या दोन काड्यांवर (स्टिकवर) शूटर खेळायची सवय जगाला लावण्यात या पहिल्या हेलोचा मोठा वाटा होता. मोहीम सोप्या पातळीवर सुरू करा, काडीचा वेग कमी ठेवा.

तोवर काय खेळू?

गिअर्स ऑफ वॉर: रीलोडेड. ऑगस्ट २०२५ पासून तो पीएस५ वरही आहे, एका टीव्हीवर दोघांची मोहीम आहे आणि आपसातली मॅचही आहे. त्याच दिवशी हेलडायव्हर्स २ एक्सबॉक्सवर आला. नॅट, तार, यूपीएस हे सगळं यांच्यावर आत्ताच तपासून घ्या. गेम आल्यावर केबलवाल्याच्या मागं धावायची वेळ येऊ नये.

शनिवारची वेळ कशी ठरवता?

आधी पाण्याची पाळी बघतो. ज्याच्या भागात त्या रात्री नळ येणार असतो तो टाक्या भरेपर्यंत मोकळा नसतो, त्यामुळे त्याचा एक तास धरूनच खोली उघडतो. हैदराबादवाला नऊलाच मोकळा होतो, हिंजवडीवाला साडेदहाशिवाय घरी पोचत नाही.

गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेला, सगळे घरी येतात तेव्हा?

तेव्हा नेटचा प्रश्नच येत नाही. नंदीध्वजांची मिरवणूक बघून, होम मैदानावर फिरून रात्री सगळे माझ्याकडेच येतात. एक टीव्ही, दोन रिमोट, हरलेल्यानं उठायचं. या वेळी दुसऱ्या रिमोटची डावी काडी आपोआप सरकतेय. संक्रांतीच्या आत ती दुरुस्त करून देणारा कुणी नवी पेठेत माहीत असेल तर मला सांगा.